ठकूबाईंची शेपूट आणि प्रभारी पती

एका जंगलात, बाळांनो, एक पंचायत होती. वाघही होता, पण त्याचं एवढं काही नाही. तो सकाळी जांभया द्यायचा आणि दुपारी झोपायचा. खरा कारभार पंचायत करायची, आणि पंचायत चालायची बळवंतराव रानडुकरांच्या मर्जीने. बळवंतराव चार वेळा सरपंच झाले होते. पाचव्यांदाही झाले असते, पण वरून हुकूम आला की यंदाची सरपंचाची जागा मादीसाठी राखीव.

वरून म्हणजे कुठून, असं विचारू नका. हुकूम वरूनच येतात.

"हरकत नाही," बळवंतराव म्हणाले. "आमची मंडळी उभी राहील."

पण त्यांच्या मंडळींना नुकतीच नऊ पिल्लं झाली होती. चिखलातून मान वर न करता त्या म्हणाल्या, "मी जाते की सभेला. तुम्ही पिल्लांजवळ बसा."

बळवंतरावांनी लगेच विषय बदलला.

मग शोध सुरू झाला. मादी हवी, पण फार बोलणारी नको. शहाणी चालेल, पण ते तिला स्वतःला ठाऊक नसावं. शोधता शोधता सगळ्यांची नजर ठकूबाई मुंगशिणीवर गेली. ठकूबाई हातभर लांब होत्या, त्यातली निम्मी शेपूट. नवरा दोन वर्षांपूर्वी घारीने नेलेला. पदरात तीन पिल्लं. माळावर दगडांच्या कपारीत बीळ, आपण बरं की आपलं काम बरं. आजवर चौदा नाग मारले होते, पण त्याचा राजकारणाशी काय संबंध? ठकूबाई बिनविरोध निवडून आल्या.

तुम्ही विचाराल, त्या तयार कशा झाल्या? तर गवतासाठी.

त्याचं असं आहे. त्या माळावर ओढ्यापासून कड्यापर्यंत गवत काढून एक उघडा पट्टा ठेवायची जुनी रीत होती. त्याला जाळरेषा म्हणत. पलीकडच्या डोंगराला वणवा लागला की तो या पट्ट्यापर्यंत यायचा, आणि खायला काही नाही म्हणून तिथेच विझायचा. बळवंतरावांच्या चार कारकिर्दींत तो पट्टा कुणी साफ केला नव्हता. तिथे आता हरणाच्या पाठीएवढं गवत उभं होतं. गेल्या उन्हाळ्यात वणवा आला तेव्हा वाऱ्याने ऐनवेळी तोंड फिरवलं, म्हणून माळावरची बिळं वाचली. ठकूबाईंनी त्या दिवशी तिन्ही पिल्लांना पोटाखाली घेऊन धूर गिळला होता. वारा पंचायतीच्या हुकमात नाही, एवढं त्यांना कळत होतं. होळीच्या आत गवत निघालं पाहिजे, बस्स. बाकी सरपंचकीशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

पहिली सभा वडाखाली भरली. ठकूबाई सरपंचाच्या दगडावर चढून बसल्या. पंचायतीचे चिटणीस दामोजी कोल्हे घसा खाकरून म्हणाले, "ताई, तिथे नाही. तो दगड यजमानांचा. बाई सरपंच असली की दगडावर यजमान बसतात, बाई बाजूला बसते. सगळीकडे अशीच पद्धत आहे."

"यजमानांना घारीने नेलं," ठकूबाई म्हणाल्या.

"अरेरे. परत कधी येणार?"

दामोजींनी इतिवृत्तात लिहिलं : सरपंचपती बाहेरगावी.

"पण दगड मोकळा ठेवून कसं चालेल?" बळवंतराव म्हणाले. "एखादा प्रभारी पती नेमा. तात्पुरता. वाटल्यास मी तयार आहे, जनतेची सेवा म्हणून."

तेवढ्यात मागून त्यांच्या मंडळींनी नुसतं नाकातून हवा सोडली, आणि बळवंतरावांची सेवावृत्ती जागच्या जागी विरघळली. मग चितळाला विचारलं. त्याने चितळीकडे पाहिलं आणि प्रकृतीचं कारण सांगितलं. गव्यालाही अचानक मान दुखू लागली. सगळ्या जंगलात एक नर मिळेना. शेवटी कुणाची तरी नजर वडापलीकडे पडलेल्या ऐनाच्या ओंडक्यावर गेली.

"हा काय वाईट आहे?" दामोजी म्हणाले. "स्थानिक आहे. वयस्कर आहे. निर्व्यसनी आहे. आजवर कुणाला शब्दाने दुखावलेलं नाही."

ठराव एकमताने मंजूर झाला. गव्याने ओंडका शिंगांवर उचलून दगडावर ठेवला. पळसाच्या पानांची शाल पांघरली. अंगावर शेवाळ होतं, त्याला सगळे भारदस्त दाढी म्हणू लागले. दोन ससे तर तिथल्या तिथे त्याच्या पाया पडले आणि बिळाच्या हद्दीचं गाऱ्हाणं सांगून आले. परत आल्यावर म्हणाले, "ऐकून घेतात हो. पहिल्यासारखं नाही."

ठकूबाई ओंडक्याच्या बाजूला बसल्या. त्यांना हसू येत होतं आणि रडूही येत होतं. पण म्हटलं, जाऊ दे, आपल्याला गवताशी मतलब. त्या म्हणाल्या, "मंडळी, माळावरची जाळरेषा—"

"उठले," बळवंतराव ओरडले.

त्यांनी आपले सुळे ओंडक्याखाली घालून एक टोक वर केलं होतं.

इथे एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढची गंमत तुम्हाला कळायची नाही. बळवंतराव सरपंच असताना फार लांब भाषणं करायचे, आणि ऐकणारे एकेक करून सटकायचे. म्हणून त्यांनीच नियम केला होता : सरपंच उठल्याशिवाय कुणी जागचं उठायचं नाही. जो उठेल, त्याने उन्हाळाभर पाणवठ्यावर सगळ्यांच्या शेवटी पाणी प्यायचं. आणि सरपंच उठले की सभा संपली. आता सरपंच बाई असल्यामुळे दामोजींनी त्याला एक शेपूट जोडली, की बाईंच्या वतीने उठण्याचं काम यजमान करतील.

यजमान उठले. सभा संपली.

दुसऱ्या सभेतही हेच झालं, तिसऱ्या सभेतही. ठकूबाईंच्या तोंडातून 'गवत' निघालं रे निघालं, की ओंडक्याचं टोक वर. आणि तो शब्द तोंडातून निघेपर्यंतचा वेळ कसा भरायचा? तर ठकूबाईंवर बोलून. मुंगसाला राग आला किंवा धोका वाटला की त्याच्या अंगावरचे केस उभे राहतात, शेपूट बाटली घासायच्या ब्रशासारखी फुगते. ठकूबाई बोलायला लागल्या की त्यांची शेपूट फुगायची.

"बाईच्या जातीला हे शोभतं का?" बळवंतराव विचारायचे. "चारचौघांत शेपूट फुगवायची?"

"आवाज बघा, कसा चिरका. कानात काटा घुसल्यासारखा."

"पिल्लं बिळात टाकून ही इथे मिरवते."

"परवा सकाळी घुबडाशी बोलत होती म्हणे. एकटीच."

घुबडाला कुणी काही विचारलं नाही. ठकूबाई मात्र घरी गेल्यावर दगडाआड बसून रडल्या. चौदा नागांनी जे केलं नव्हतं ते या बोलण्यांनी केलं, हे त्यांनी शेजारच्या साळूबाई साळिंदरणीला सांगितलंसुद्धा. साळूबाईच ठकूबाई सभेला गेल्या की पिल्लं सांभाळायच्या.

"अगं, तू नाग मारतेस आणि या डुकराला भितेस?" साळूबाई म्हणाल्या.

"नाग निदान शेपटीबद्दल काही बोलत नाही," ठकूबाई म्हणाल्या.

दामोजी चिटणिसांनाही दया आली. त्यांनी पंचायतीच्या वतीने एक शिबिर भरवलं. विषय : नेतृत्व करणाऱ्या माद्यांचा आत्मविश्वास. मार्गदर्शक : श्रीयुत मोरेश्वर मोर. मोरेश्वरांनी आयुष्यात एकही अंडं उबवलं नव्हतं, पण माद्यांच्या प्रश्नांवर त्यांचा अभ्यास दांडगा होता. शिबिराला ठकूबाई, एक टिटवी आणि एक रानकोंबडी आल्या होत्या.

"आत्मविश्वास म्हणजे काय?" मोरेश्वरांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पिसारा फुलवून गोल फिरून दाखवलं. "हा. आता तुम्ही करा."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. टिटवीने हळूच सांगितलं, "आम्हाला पिसारा नाही."

"मग आत्मविश्वास मनातल्या मनात ठेवा," मोरेश्वर म्हणाले. "बाहेर दिसला तर लोक दुखावतात. बोलताना हसा. पण दात दाखवू नका. आवाज खाली ठेवा. पण पुटपुटू नका. कुणी टोचून बोललं तर उत्तर देऊ नका. पण गप्पही बसू नका, त्याचा अर्थ लोक वेगळा काढतात. आणि ठकूताई, त्या शेपटीचं काहीतरी करा."

दुपारी त्यांनी स्वतः गुळवेलीचा एक तुकडा आणून ठकूबाईंची शेपूट पोटाशी घट्ट बांधून दिली. गळून पडलेलं एकेक पीस प्रमाणपत्र म्हणून वाटलं. मग पुन्हा एकदा पिसारा फुलवून शिबिराचा समारोप केला.

ठकूबाई मोठ्या गुणाच्या. सांगितलं ते त्यांनी मनापासून केलं. शेपूट बांधूनच घरी गेल्या, बांधूनच वावरल्या, दात न दाखवता हसायचा सराव केला. पिल्लं घाबरून बिळात पळाली.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बिळाच्या तोंडाशी नाग आला.

आतून पिल्लांची किचकिच ऐकू आली तशी ठकूबाई धावल्या. नागाने फणा काढला. ठकूबाईंनी उडी मारली, पण शेपूट पोटाशी बांधलेली, तोल कुठून राहणार? त्या तोंडावर आपटल्या. नागाचा दात कानाला घासून गेला. दुसरा फटका नेमका त्यांच्या पाठीवर बसणार, तोच वेल कचकन तुटली. शेपूट मोकळी झाली, अंगावरचा केस न् केस उभा राहिला, आणि नागाच्या दातांना नुसते केसच लागले.

मग ठकूबाईंना काही सुचावं लागलं नाही. नाग फटका मारी, ठकूबाई बाजूला होत. पुन्हा फटका, पुन्हा बाजूला. फुगलेल्या केसांत त्याने दहा वेळा तोंड खुपसलं. अकराव्या वेळी त्याचा फणा जड झाला, मान खाली आली. मग ठकूबाई पुढे झाल्या. एक चावा, डोक्यावर. पंधरावा.

त्यानंतर बराच वेळ त्या पिल्लांना चाटत बसल्या होत्या. साळूबाई धापा टाकत आल्या.

"लागलं का गं?"

"साळू," ठकूबाई म्हणाल्या, "मी नागाशी भांडत नाही कधी. त्याला दमवते. तो केसांवर तोंड मारत बसतो आणि आपणच दमतो. मग मी या लोकांशी इतके दिवस का भांडत बसले? खाऊ देत की त्यांना केस."

दुसऱ्याच दिवशी ठकूबाईंनी पंचायतीची नोटीस लावली. सभा माळावर, ओढ्याकाठच्या गवतात, सकाळी. सभेपुढचा एकमेव विषय : सरपंचबाईंची शेपूट. खाली लिहिलं होतं, 'सर्वांनी मनमोकळेपणाने बोलावे. यजमान उपस्थित राहतील.'

बाळांनो, पंचायतीच्या इतिहासात एवढी गर्दी कधी झाली नव्हती. पाण्याच्या सभेला सात जण यायचे. शेपटीच्या सभेला झाडून सारं जंगल आलं. चितळं आली, सांबरं आली, गवे आले, आणि तीन सभांना आजारी असलेला तरससुद्धा आला. बळवंतराव अंघोळ करून आले होते, म्हणजे ताज्या चिखलात.

येताच पुढच्या रांगेवरून भांडण जुंपलं. गवा म्हणाला, मी पुढे. सांबर म्हणालं, आमचं घराणं जुनं. बळवंतराव तर मागे बसायला जन्मलेच नव्हते.

"भांडू नका," ठकूबाई म्हणाल्या. "सगळेच मानाचे. सगळेच पहिल्या रांगेत बसा. दुसरी रांग नाहीच."

सगळे खूश झाले. ओढ्यापासून कड्यापर्यंत सगळं जंगल एका रांगेत, हरणाच्या पाठीएवढ्या गवतात ऐसपैस बसलं. मधोमध गव्याने ओंडका ठेवला. ठकूबाई त्याच्या बाजूला बसल्या, पद्धतीप्रमाणे. शेपूट मोकळी होती आणि फुगली होती.

"बोला," त्या म्हणाल्या.

बळवंतराव सरसावले. "बाईमाणसाने शेपूट फुगवावी का?"

"माझी फुगते. पुढे?"

बळवंतराव जरा अडखळले. या प्रश्नावर बाई रडते किंवा चिडते, असा त्यांचा अनुभव होता. "पुढे काय पुढे? लाज वाटत नाही?"

"नाही. पुढे?"

"पिल्लांकडे कोण बघतं?" तरस ओरडला.

"साळूबाई. तुमच्या पिल्लांकडे कोण बघतं?"

तरसाला ते आठवेना. तो आठवत बसला.

"तुमचा आवाज कानाला टोचतो," सांबर म्हणालं.

"म्हणजे ऐकू येतोय. बरं झालं. पुढे?"

"घुबडाशी काय बोलत होता?"

"वणव्याबद्दल. त्याची ढोली उंचावर आहे, त्याला धूर आधी दिसतो. पुढे?"

असं सकाळपासून चाललं. कुणी शेपटीच्या रंगावर बोललं, कुणी लांबीवर, कुणी मुंगसांच्या एकूण संस्कारांवर. ठकूबाई प्रत्येकाला एक वाक्य देत आणि विचारत, पुढे? कुणी थांबला तर आग्रह करत, "तुमचं राहिलं असेल काही. बोला, बोला." ऊन डोक्यावर आलं. शेपटीवर बोलायचं तरी किती? शेपूट ती, अर्ध्या हाताची. दुपारी एकेकाचा घसा बसला. चितळ तर म्हणालं, तसं पाहिलं तर शेपूट चांगली आहे.

"झालं सगळ्यांचं?" ठकूबाईंनी विचारलं. "आता गवताबद्दल."

बळवंतराव सवयीने उठले आणि सुळे खाली करून ओंडक्याकडे निघाले.

"बळवंतराव," ठकूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "यजमान बसलेले असताना तुम्ही उठलात?"

बळवंतराव एका पायावर थबकले. सगळं जंगल त्यांच्याकडे पाहू लागलं. नियम त्यांचाच होता. उन्हाळाभर शेवटी पाणी पिणं म्हणजे काय, हे त्यांनी दुसऱ्यांना पाजून पाहिलं होतं. ते होते तिथेच मटकन बसले.

"मी फक्त यजमानांना उठवत होतो," ते म्हणाले.

"परक्याने माझ्या यजमानांना ढुसण्या द्यायच्या? आणि तेही चारचौघांत? हे शोभतं का, सांगा. ते मोठे आहेत. त्यांना वाटेल तेव्हा उठतील."

शोभण्याचा विषय बळवंतरावांनीच काढला होता.

सगळे ओंडक्याकडे पाहत बसले. ओंडका बसला होता. संध्याकाळ झाली. ओंडका बसलेलाच. एवढा खंबीर माणूस आपण नेमला, याचा पहिल्यांदाच सगळ्यांना पश्चात्ताप झाला.

भूक कुणाला चुकली आहे? दुसऱ्या दिवशी सकाळी चितळाने बसल्या बसल्या समोरचं गवत तोडलं. ते पाहून सांबराने तोडलं. गव्यांनी तर बूड न उचलता सरकत सरकत पुढचं, मागचं, बाजूचं सगळं चरायला सुरुवात केली. बळवंतराव मुळं उकरून खाऊ लागले, त्यामुळे खालची मातीही उघडी पडली. दामोजी कोल्ह्यांनी जन्मात प्रथमच गवत चावलं आणि इतिवृत्तात लिहिलं : अल्पोपाहार झाला. आमच्यात संकष्टीलाही याहून बरं खातात, हा शेरा त्यांनी नंतर खोडला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओढ्यापासून कड्यापर्यंत गवताची काडी उरली नव्हती. नुसती तांबडी माती. ठकूबाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. त्यांना इतकं बरं वाटलं, की दात दाखवून हसल्या. मग बसल्या जागीच पुढच्या दोन पायांनी ओंडक्याच्या एका टोकाखालची माती उकरायला लागल्या. मुंगसाला उकरायला किती वेळ लागतो? ते टोक खड्ड्यात गेलं, दुसरं वर आलं.

"यजमान उठले," ठकूबाई म्हणाल्या.

जंगल पाणवठ्याकडे धावत सुटलं.

आठव्या दिवशी पहाटे घुबडाने हाक दिली. पलीकडचा डोंगर पेटला होता. वारा या बाजूला वाहत होता आणि यंदा त्याने तोंड फिरवलं नाही. ज्वाळा डोंगर उतरून माळावर आल्या, तांबड्या मातीपाशी पोचल्या, इकडे तिकडे चाचपडल्या आणि बसल्या. ठकूबाई बिळाच्या तोंडाशी उभ्या होत्या. मागे तिन्ही पिल्लं झोपलेली होती. त्यांना कुणी उठवलंसुद्धा नव्हतं. हेच तर ठकूबाईंना हवं होतं.

मग सत्कार झाला. अर्थात ओंडक्याचा. बळवंतरावांनी भाषण केलं, की एवढं धीरोदात्त नेतृत्व जंगलाने पाहिलं नव्हतं. तीन दिवस उन्हात बसले, पण हूं नाही की चूं नाही. मोरेश्वर मोरांनी सांगितलं की हे सगळं त्यांच्या शिबिराचं फळ आहे, आणि पुढच्या शिबिराची तारीख जाहीर केली. ओंडक्याला नवी शाल घातली. मग दामोजी म्हणाले, "ताई, यजमानांच्या वतीने दोन शब्द बोला. थोडक्यात."

साळूबाईंचे काटे रागाने उभे राहिले होते. ठकूबाईंची शेपूट मात्र अजिबात फुगली नाही. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "यजमान आभारी आहेत. पाणवठा गाळाने अर्धा भरलाय. पुढची सभा तिथे, गाळात. विषय : सरपंचबाईंची चाल."

"चाल?" बळवंतरावांचे डोळे चमकले. "त्यावर मला बरंच बोलायचं आहे."

"म्हणूनच ठेवलाय," ठकूबाई म्हणाल्या. "लवकर या. सगळ्यांना पहिल्या रांगेत बसायचंय."

तात्पर्य : प्रत्येक यशस्वी स्त्रीच्या मागे एक पुरुष खंबीरपणे बसलेला असतो. तो लाकडाचा असल्यास उत्तम.